एकोणीस इंच

एकोणीस-वीसचा फरक, असं लोक सहज म्हणतात.
माझं पोट त्या फरकावरच चालतं.
उत्तर नॉर्वेत, अल्टा गावात, नदीच्या अलीकडे
माझं टायरचं दुकान.
ऑक्टोबर लागला की दाराशी रांग,
आणि विजेच्या गाड्या येतात मांजराच्या पावलांनी,
अडीच-अडीच टनांच्या मांजरी.

परवा राग्नफ्रिद आली. सुईण आहे.
नवी गाडी, सोबत मुलगा यूस्टाइन.
त्याला हवी होती एकवीस इंची चाकं,
काळी, पाच दांड्यांची,
फटींतून ब्रेकचा लाल रंग दिसतो ती.
मी म्हटलं, छान दिसतात.
दिसतातच. खोटं कशाला बोलू?

मग फळ्यावर खडूनं वर्तुळ काढलं,
एकतीस वर्षं काढत आलोय तसं.
बाहेरचा घेर, बघा, तेवढाच राहतो.
आतली चकती वाढवली
की रबरानं अंग चोरायचं.
एकोणिसाला तेरा सेंटिमीटर रबर,
एकविसाला दहा.
‘मधले तीन कुठे जातात?’ यूस्टाइननं विचारलं.
‘तुझ्या कमरेत.’
हसला नाही.
नाकापेक्षा मोती जड, हे बाविसाव्या वर्षी
कुणाला पटलंय?

हामरफेस्टचं हॉस्पिटल इथून एकशे चाळीस किलोमीटर.
मधे सेन्नालांडेचं पठार.
उणे वीसमध्ये बॅटरी हात आखडता घेते,
रुंद टायर त्यातलंही थोडं खातो,
आणि वादळात बर्फ सारणाऱ्या गाडीमागे
सगळ्यांनी एका ओळीत, मुकाट.
कधी तासभर उभं राहायचं, हीटर चालू ठेवून,
आकडा उतरताना बघत.

हे मी तिला सांगितलं नाही.
तिला सांगणारा मी कोण?
ती गुडघ्यावर बसली,
हातमोजे काढले,
टायरच्या कुशीवर दोन्ही तळवे ठेवून दाबलं,
आधी एकोणिसाच्या, मग एकविसाच्या,
डोळे मिटून, सावकाश,
आत कुणाचं डोकं कुठल्या बाजूला आहे
ते चाचपावं तसं.
मग म्हणाली, ‘ओडमुंड,
मागच्या सीटवर आडवी असलेल्या बाईला
यातलं किती लागतं?’

किंमत विचारतात. आवाज विचारतात.
शेजाऱ्यानं कुठले घेतले, ते तर हमखास.
माझ्या तक्त्यात वजनाचा रकाना आहे, वेगाचा आहे,
ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा आहे.
हा नाही.
कॉम्प्रेसर आपला घरघरत राहिला.

‘एकोणीस,’ ती उठत म्हणाली. ‘खिळ्यांचे.’
मग पोराच्या तोंडाकडे बघून,
‘उन्हाळ्यात लाव तुझे एकवीस.’
उन्हाळा आमच्याकडे आठ आठवडे,
त्यातले दोन धुक्याचे.
तरी त्यानं घेतले, स्वतःच्या पैशांनी.

आमच्याकडे टायरांचं हॉटेल असतं.
हंगाम नसलेली चाकं मागच्या खोलीत निजतात,
प्रत्येकाच्या गळ्यात नावाची चिठ्ठी.
चौदा नंबरच्या फळीवर ते चौघे,
दांड्यांवर अजून कारखान्याचं प्लास्टिक.
येता-जाता मी हात फिरवतो.
देखणे आहेत, त्यांचा काय दोष?

जानेवारीत, दुपारी बाराच्या अंधारात,
ती हवा तपासायला आली.
मागची सीट ओली होती, नुकती पुसलेली.
‘पठारावर,’ ती म्हणाली. ‘ओळीत सातवी गाडी आमची.
यूस्टाइन चालवत होता. जन्मात पहिल्यांदा हळू.’
‘आणि बाई?’
‘बरी आहे. मुलगी झाली.
मधेच मला विचारत होती,
आपण थांबलोय का गं?’

मी चारही चाकं बघितली.
डाव्या मागच्यात हवा जराशी कमी होती.
भरली.
पैसे घेतले नाहीत, हवेचे कधी घेतही नाही.